लायगेज न घालताच ‘दुरुस्ती’ दिसते! बेस एक्सिजन रिपेअरची चाचणी, आणि पुढे याच विषयात पीएचडी

नेरूळकर_बायोकेम

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं सत्र, प्रकल्प नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात. विषय: बेस एक्सिजन रिपेअरचे (खराब बेस काढून डीएनए दुरुस्त करण्याचे) टप्पे परीक्षानळीत एकामागून एक उभे करणं.

सब्स्ट्रेट ४० न्यूक्लिओटाइडचा ऑलिगो (बनवून घेतलेला डीएनएचा छोटा धागा), ५′ टोकाला एफएएम (चमकणारं लेबल), २१ व्या जागी युरॅसिल, समोरच्या धाग्यात ग्वानिन. क्रम असा: यूडीजी (युरॅसिल काढणारं), मग एपीई-१ (बेस गेलेल्या जागी धागा कापणारं), मग क्लेनो (फट भरणारं पॉलिमरेज) आणि चारही डीएनटीपी (सुटे न्यूक्लिओटाइड), शेवटी टी-४ लायगेज (धागा सांधणारं). एपीई-१ आमच्याकडेच बीएल-२१ या ई. कोलाय जीवाणूच्या वाणात बनवून निकेल कॉलमवर शुद्ध केलेलं, बाकी एन्झाइम विकतचे. २० टक्के ॲक्रिलामाइडचं युरिया जेल, नमुने फॉर्मामाइडमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं.

अडचणी:

१. नुसत्या यूडीजीच्या लेनमध्येही २० च्या आसपास बँड येतो. यूडीजी तर फक्त बेस काढतं, धागा तोडत नाही ना?

२. यूडीजी + एपीई-१ मध्ये २० च्या जागी जोडबँड.

३. क्लेनो घातल्यावर ४० चा बँड परत येतो, पण लायगेज न घालताही येतो! लायगेज घातल्याने काहीच फरक नाही.

४. एन्झाइम न घातलेल्या लेनमध्येही फिकट शिडी.

दुसरा प्रश्न पुढचा. डीएनए रेप्लिकेशन-रिपेअरमध्येच संशोधन करायचं आहे. ठाणे-नवी मुंबईत राहून पीएचडीला काय पर्याय? आणि फॉस्फरस-३२ (किरणोत्सर्गी लेबल) हाताळता आलंच पाहिजे का?

---

पट्टेवाला

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमचा प्रकल्प तिथे अडलाय. तुम्हाला दिसतंय ती दुरुस्ती नाही. क्लेनोमध्ये ५′→३′ एक्सोन्यूक्लिएज (टोकाकडून धागा खाणारी क्रिया) नाही, पण पुढचा धागा ढकलून बाजूला सारत जाण्याची ताकद आहे. चारही डीएनटीपी दिले की ते २० वरून निघतं आणि पुढचे १९ न्यूक्लिओटाइड उचकटत थेट टोकापर्यंत जातं. तुमचं लेबल ५′ टोकाला, त्यामुळे जेलवर पूर्ण ४० दिसतो. लायगेजला सांधायला फटच उरत नाही, मग फरक कसा दिसणार?

दुसरी गोम: एपीई-१ एपी साइटच्या (बेस गेलेल्या जागेच्या) ५′ बाजूला कापतं. वरच्या तुकड्याला ३′-ओएच मिळतो, पण खालच्या तुकड्याच्या ५′ टोकाला बेस नसलेली साखर फॉस्फेटसकट लटकत राहते. तिला डीआरपी म्हणतात. ती निघाल्याशिवाय तिथे स्वच्छ ५′-फॉस्फेट मिळत नाही, आणि ५′-फॉस्फेटशिवाय टी-४ लायगेज सांधत नाही. क्लेनोला ती काढता येत नाही. माणसाच्या पेशीत हे काम पोल बीटा (डीएनए पॉलिमरेज बीटा) करतं. ३९ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन, त्याचा ८ किलोडाल्टनचा भाग लायेज (ही साखर काढणारा), ७२ व्या जागचं लायसिन साखरेशी शिफ बेस (तात्पुरता रासायनिक बंध) बनवून तिला सोडवतं. तेव्हा क्लेनो बाजूला ठेवा आणि पोल बीटा मिळवा. सर्वांत सरळ मार्ग तोच.

पोल बीटा आल्यावर चारही डीएनटीपी देऊ नका, फक्त डीसीटीपी द्या, २० मायक्रोमोलर. समोर ग्वानिन आहे, म्हणजे एकच सी बसेल आणि बँड २० वरून २१ वर सरकेल. अट एवढीच की २२ व्या जागी सी नसावा. तुमच्या क्रमात असेल तर नवा ऑलिगो मागवा, कारण मग एक भरला की दोन हे सांगता येणार नाही. पोल बीटाला प्रूफरीडिंग नाही, त्यामुळे एकाच डीएनटीपीवरही ते मागे कुरतडत बसत नाही. एक्सो असलेलं क्लेनो मागे खात पुन्हा भरत राहतं.

२० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेचा सुरुवातीचा अंदाज: सब्स्ट्रेट ५० नॅनोमोलर (म्हणजे १ पिकोमोल), यूडीजी १० नॅनोमोलर, एपीई-१ २ ते ५, पोल बीटा १० ते २०. हेपीस ५० मिलिमोलर पीएच ७.५, केसीएल ५०, मॅग्नेशियम क्लोराइड १०, डीटीटी १, बीएसए दर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम, एटीपी १ मिलिमोलर. एन्झाइमच्या साठवणीच्या बफरमधून येणारं मीठ धरायला विसरू नका: ५०० मिलिमोलर केसीएलमधलं २ मायक्रोलिटर घातलं की २० मध्ये आणखी ५० मिलिमोलर वाढतं, आणि तीन एन्झाइम असतील तर हिशेब बघा. ग्लिसरॉल एकूण ५ टक्क्यांच्या आत. एटीपी वितळवून-गोठवून मरतं, म्हणून लहान भाग करून ठेवा.

आता लेन. एक ‘सर्व काही, पण लायगेज नाही’ आणि एक ‘सर्व काही, पण पॉलिमरेज नाही’ या दोन्हींशिवाय निकाल कुणी ऐकून घेणार नाही. शिवाय मूळ सब्स्ट्रेटही ४० आणि दुरुस्त झालेलाही ४०, ही या रचनेची खोड आहे. न कापलेला सब्स्ट्रेट आणि सांधलेला माल दिसायला सारखेच. उपाय: शेवटी ताजं यूडीजी आणि एपीई-१ घालून आणखी १० मिनिटं ठेवा. जिथे युरॅसिल शिल्लक आहे ते कापलं जाईल, जिथे सायटोसिन बसलंय ते टिकेल. टिकलेल्या ४० लाच दुरुस्ती म्हणा.

पहिला प्रश्न: यूडीजी धागा तोडत नाही, बरोबर. तोडता तुम्ही, ९५ अंशांवर. एपी साइट उष्णतेने आणि अल्कलीने बीटा-एलिमिनेशन होऊन तुटते. ग्लायकोसिलेजच्या चाचणीत मुद्दाम ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घालून तापवतात ते याचसाठी. तुमच्याकडे अर्धवट तुटतंय, म्हणून गोंधळ. दोन वाटा: यूडीजीची लेन मुद्दाम अल्कलीने पूर्ण तोडा, म्हणजे किती युरॅसिल निघालं ते नेमकं कळेल, किंवा एपी साइट शाबूत ठेवायची असेल तर तापवण्याआधी बर्फावर ताजं सोडियम बोरोहायड्राइड, अंतिम १०० मिलिमोलर, अर्धा तास. क्षपण झालेली साइट उष्णतेला तुटत नाही. बाटली फ्रीजमधून काढली की आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा. आपल्याकडच्या हवेत, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, थंड बाटलीत दव धरतं आणि बोरोहायड्राइड ओलाव्याने निकामी होतं. डीटीटीलाही हेच लागू.

जोडबँडचं मूळ बहुधा तेच. एपीई-१ चा तुकडा ३′-ओएच असलेला, उष्णतेने तुटलेल्याच्या ३′ टोकाला फॉस्फेटच्या पलीकडे साखरेचा अवशेष. भार वेगळा, म्हणून चाल वेगळी. पण खात्री करा: एपीई-१ जास्त झालं तर त्याची स्वतःची ३′→५′ एक्सो क्रियाही दिसते आणि २० चा १९ होतो. एपीई-१ दहापट कमी करून १, ५, १५ मिनिटांवर नमुने काढा. खालचा बँड वेळेनुसार वाढत असेल तर एक्सो, यूडीजीच्या लेनमधल्या बँडच्या रांगेत असेल तर उष्णता.

चौथ्यासाठी एकच विचारतो: ऑलिगो पेजने (ॲक्रिलामाइड जेलवर) शुद्ध केलेला मागवला होता की नुसता डीसॉल्टेड (फक्त क्षार काढलेला)? आणि लोडिंग डायमध्ये ब्रोमोफिनॉल ब्लू आहे का?

---

नेरूळकर_बायोकेम

नुसता डीसॉल्टेड. 😬 डायमध्ये ब्रोमोफिनॉल ब्लू आणि झायलीन सायनॉल दोन्ही आहेत. पोल बीटाची प्लास्मिड गाइडकडे आहे असं कळलं, म्हणजे तेही आम्हालाच शुद्ध करावं लागेल. लायेजची क्रिया वेगळी दाखवता येईल का?

---

पट्टेवाला

डीसॉल्टेड म्हणजे काय ते आकड्यात बघा. दर जोडणी ९९ टक्के धरली तरी ३९ जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचा माल सुमारे ६८ टक्केच. तरी तुमच्या शिडीचं मुख्य कारण ते नाही. संश्लेषण ३′ कडून ५′ कडे जातं आणि एफएएम सर्वांत शेवटी लागतं, त्यामुळे मध्येच थांबलेल्या तुकड्यांवर लेबल नसतंच, ते तुम्हाला दिसणार नाहीत. दिसतात ते प्युरिन गळून नंतर तुटलेले तुकडे, किंवा न्यूक्लिएजने खाल्लेले. शिडी बाटलीतून काढलेल्या ताज्या ऑलिगोतही असेल तर पहिलं कारण, अभिक्रियेच्या बफरमध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवल्यावरच येत असेल तर दुसरं. पाणी आणि बफर बदलून बघा. पुढच्या वेळी एचपीएलसी किंवा पेज शुद्धीकरण मागवा, पैसे वाया जात नाहीत.

न दिसणारे अर्धवट तुकडे निरुपद्रवी मात्र नाहीत. तेही समोरच्या धाग्याला चिकटतात आणि एन्झाइम खातात. ॲनीलिंग करताना बिनलेबलचा धागा २० टक्के जास्त घ्या, ५० मिलिमोलर मीठ, ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग ब्लॉक बंद करून तासा-दीड तासात हळूहळू खाली. १५ टक्के साध्या जेलवर एकेरी धागा उरलेला नाही हे पाहून घ्या. आणि कापल्यानंतरचे दोन्ही हात ३७ अंशांवर चिकटून राहतील इतकं जीसी हवं. खालचा तुकडा आपोआप सुटून गेला तर पॉलिमरेजला उचकटायचीही गरज उरत नाही.

डाय: ब्रोमोफिनॉल ब्लू २० टक्के युरिया जेलमध्ये ८ न्यूक्लिओटाइडच्या आसपास पळतो आणि झायलीन सायनॉल २८ च्या. स्कॅनरमध्ये दोन्हींच्या काळ्या सावल्या पडतात. रंग फक्त कडेच्या रिकाम्या लेनमध्ये घाला, नमुन्यांत नुसतं फॉर्मामाइड आणि ईडीटीए. ईडीटीए मॅग्नेशियमपेक्षा जास्त, अंतिम २५ मिलिमोलर तरी. लोड करण्याआधी प्रत्येक विहिरीतला युरिया सिरिंजने धुऊन काढा, नाहीतर बँड हसऱ्या तोंडाचे येतात.

लायेजसाठी हे लक्षात घ्या: डीआरपी खालच्या तुकड्यावर असते, तुमचं एफएएम वरच्या. म्हणजे या ऑलिगोत ती कधीच दिसणार नाही. ३′ टोकाला एफएएम असलेला दुसरा ऑलिगो लागेल. त्याचा तुकडा डीआरपी निघाल्यावर किंचित वेगाने पळतो. इथेही नमुना तापवण्याआधी बोरोहायड्राइडने स्थिर करा, नाहीतर डीआरपी उष्णतेनेच निघते आणि श्रेय पोल बीटाला जातं. आणि कुणी ‘एपी साइट टिकत नाही तर टेट्राहायड्रोफ्युरान असलेला ऑलिगो घ्या’ असं सुचवलं तर एपीई-१ साठी घ्या, लायेजसाठी नको. एपीई-१ त्याला व्यवस्थित कापतं, पण त्या साखरेचं शिफ बेस बनत नाही, लायेज हात चोळत बसतं.

---

घोडबंदर_रोड

वर सगळं नीट आलंय. पण घरी शुद्ध केलेल्या एपीई-१ वर एवढा विश्वास का? बीएल-२१ हा ई. कोलायच, त्याच्याकडे स्वतःचं युरॅसिल ग्लायकोसिलेज आहे, एक्सोन्यूक्लिएज-३ आहे, एंडोन्यूक्लिएज-४ आहे. एका निकेल कॉलमने हे सगळे निघून जात नाहीत. कुमासीने रंगवलेल्या जेलवर एकच बँड दिसणं म्हणजे शुद्धता नव्हे: एन्झाइम हजारात एक भाग असला तरी जेलवर दिसत नाही, पण चाचणीत काम करून जातो.

परीक्षा सोपी आहे. तुमचं एपीई-१ एकटं, यूडीजीशिवाय, युरॅसिलच्या सब्स्ट्रेटवर टाका. कापलं गेलं तर आत ई. कोलायचं ग्लायकोसिलेज आहे. मग युजीआय हे रोधक प्रथिन घालून बघा, थांबलं की गुन्हेगार सापडला. दुसरं, एपी साइटच्या सब्स्ट्रेटवर मॅग्नेशियम न घालता ईडीटीए घालून चालवा. एपीई-१ आणि एक्सो-३ दोघांनाही मॅग्नेशियम लागतं, एंडो-४ ईडीटीएतही चालतं. यूडीजीलाही धातू लागत नाही, त्यामुळे हा प्रयोग एकाच नळीत होतो.

शुद्धीकरण सुधारायला: लायसेट ५०० मिलिमोलर ते १ मोलर मिठात, निकेलवर १ मोलर मिठाचा दणकून वॉश म्हणजे प्रथिनाला चिकटलेला डीएनए सुटतो. मग मीठ १०० पर्यंत उतरवून हेपॅरिन कॉलम आणि १०० मिलिमोलर ते १ मोलर ग्रेडियंट. शेवटी जेल फिल्ट्रेशन. २६०/२८० गुणोत्तर ०.६ च्या जवळ हवं, १ च्या वर असेल तर तुम्ही डीएनए मोजताय आणि ब्रॅडफर्ड वेगळंच सांगेल. पोल बीटालाही हेच. आणि सर्वांत चोख पुरावा म्हणजे मेलेलं प्रथिन (एक अमिनो आम्ल बदलून निकामी केलेलं): त्याच पद्धतीने, त्याच दिवशी शुद्ध केलेलं एपीई-१ डी-२१०-एन, पोल बीटा डी-२५६-ए. म्युटंटच्या तयारीतही कापण्याची किंवा न्यूक्लिओटाइड भरण्याची क्रिया दिसली तर ती तुमच्या प्रथिनाची नव्हेच.

हे किचकट वाटेल, पण रेप्लिकेशन-रिपेअरचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो: नळीत दिसणारी क्रिया कोणाची, आणि पेशीत ती तेच काम करते का. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास ई. कोलायमधून डीएनए पॉलिमरेज वेगळं केलं, १९५९ चं नोबेल मिळालं, आणि रेप्लिकेशन करणारा एन्झाइम हाच असं बहुतेकांनी धरलं. १९६९ मध्ये पाउला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांनी असा म्युटंट काढला ज्यात ती क्रिया एखादा टक्काच उरली होती. जीवाणू मजेत वाढत होता, फक्त अतिनील किरणांना हळवा झाला होता. म्हणजे पोल-१ मुख्यतः दुरुस्तीचा आणि ओकाझाकी तुकड्यांतला आरएनए साफ करण्याचा गडी. त्या म्युटंटमध्ये पोल-१ चा गोंगाट नसल्यामुळेच पुढे पोल-२ आणि पोल-३ सापडले. पोल-३ सेकंदाला सुमारे १००० न्यूक्लिओटाइड जोडतं, पोल-१ दहा-वीस. आकडे आधीच डोळ्यांसमोर होते, ४६ लाख बेसजोड्यांचा जीनोम ४० मिनिटांत उरकायला पोल-१ च्या वेगाने जमणारच नव्हतं.

---

टीएलडी_बॅज

फॉस्फरस-३२ बद्दल. एमएस्सीच्या प्रकल्पाला अजिबात गरज नाही, एफएएम पुरतं. ५० नॅनोमोलरवर काम करताना फ्लुओरेसन्स स्कॅनरला भरपूर सिग्नल असतो. गरज पडते ती पिकोमोलर सब्स्ट्रेटवर, म्हणजे घट्ट बंध मोजताना, किंवा एफएएमचा फुगवटा प्रथिनाला आड येतोय अशी शंका असताना.

शिकायचंच असेल तर परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी ई-लोरा पोर्टलवर होते, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो, टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं विकिरण मोजणारा) लागतो. किरणोत्सर्गी माल पुरवणाऱ्या ब्रिटचं मुख्यालय तर तुमच्या वाशीतच आहे. अर्धायु १४.३ दिवस, म्हणजे माल येण्याच्या तारखेभोवती प्रयोग आखायचे. महिन्याने जवळजवळ चौथाई उरतं. ढाल १ सेंटिमीटर ॲक्रिलिकची. थेट शिशाची नको, या बीटा कणांनी शिशात क्ष-किरण तयार होतात. शिसं लावायचंच तर ॲक्रिलिकच्या बाहेरून. कचरा दहा अर्धायु, साधारण पाच महिने, साठवून मग मोजून टाकायचा. आणि ज्या प्रयोगशाळेत गायगर काउंटर कोपऱ्यात धूळ खात पडलाय, तिथे हात लावू नका.

---

घोडबंदर_रोड

आता पीएचडी.

जवळचं म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटरचं. नेरूळहून हार्बरने थेट, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने. पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची. तिथे प्रश्न बहुतेक कॅन्सरच्या बाजूने येतात: किरणोपचाराला किंवा औषधाला गाठ दाद का देत नाही, ब्रका (डीएनए दुरुस्तीचं जनुक) नसलेल्या पेशी काय करतात. पार्प (दुरुस्तीतलंच एक एन्झाइम) रोधकांची कल्पना याच प्रकारच्या प्रश्नांतली. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ब्रका नसलेल्या पेशी पार्प अडवलं की मरतात, आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओलापारिब या पार्प रोधक औषधाला मान्यता मिळाली. दुरुस्तीचं मूलभूत रसायन रुग्णापर्यंत कसं पोचतं ते बघायला याहून चांगलं उदाहरण नाही.

ट्रॉम्बेला बीएआरसी. तिथे डायनोकॉकस रेडिओड्युरान्सवर दीर्घकाळ काम चालू आहे. हा जीवाणू ५००० ग्रे विकिरण सोसतो, जीनोमचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत परत जुळतात; माणसाला ५ ग्रेही जीवघेणे. शुद्ध एन्झाइमॉलॉजी आवडत असेल तर ही दिशा तुम्हाला जास्त मानवेल असं मला वाटतं. मुंबई सोडायची तयारी असेल तर बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. यूडीजीवरच उमेश वार्ष्णेय यांचं तिथलं काम आहे, तुमच्या प्रकल्पासाठी ते वाचलंच पाहिजे. घराजवळ हवं म्हणून विषय बदलू नका, त्यापेक्षा पाच वर्षं घर बदला.

प्रवेशाला सीएसआयआर-यूजीसी नेट लाइफ सायन्सेस, डीबीटी किंवा आयसीएमआरची जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती), शिवाय संस्थेची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत. नेटच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या घटकाचा पहिलाच भाग रेप्लिकेशन, रिपेअर आणि रिकॉम्बिनेशन. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं.

मुलाखतीत हे असं काही विचारतात: अचूकता कुठून येते? बेस निवडताना चूक साधारण लाखात एक, प्रूफरीडिंगने आणखी शंभरपट कमी, मिसमॅच रिपेअरने आणखी शंभर ते हजारपट. मग ‘नवा धागा कोणता हे ई. कोलायला कसं कळतं?’ जीएटीसीवरचं मिथिलेशन नव्या धाग्यावर उशिरा होतं, मटएच तिथे कापतं. ‘आणि माणसात?’ तिथे मटएच नाही. धाग्यातल्या खाचा आणि पीसीएनएची (डीएनएभोवती बसणाऱ्या प्रथिनाच्या कडीची) दिशा. इथे बहुतेक उमेदवार ई. कोलायचंच उत्तर पुन्हा देतात. पॉल मॉड्रिच यांच्या गटाने १९८९ मध्ये ही ई. कोलायची दुरुस्ती शुद्ध प्रथिनांनी नळीत उभी केली तो शोधनिबंध आकृत्यांसकट वाचून जा, विशेषतः एकेक प्रथिन वगळलेल्या लेन. तुमच्या प्रकल्पाचा तो थोरला भाऊ आहे.

गाइड निवडताना प्रकाशनांची यादी सगळेच बघतात. तुम्ही कोल्ड रूम बघा. प्रथिन शुद्ध करायची यंत्रणा चालू आहे का, कॉलम कोण वापरतं, आधीच्या विद्यार्थ्याने बनवलेलं प्रथिन उणे ८० मध्ये तारखेसह, लहान भागांत ठेवलंय का. या विषयात पहिलं वर्ष-दीड वर्ष प्रथिन बनवण्यात जातं. ते आवडत नसेल तर धूमकेतू चाचणी (एकेका पेशीतला डीएनए किती तुटला ते दाखवणारी), गॅमा-एच-टू-एएक्सचे (डीएनए तुटल्याच्या खुणेचे) ठिपके, पेशींवरचं काम असं बरंच आहे, तेही रिपेअरच. पण मग बायोकेमिस्टची वाट ती नव्हे.

---

नेरूळकर_बायोकेम

खूप आभार सगळ्यांचे. आज एपीई-१ एकटं युरॅसिलवर टाकून पाहते. प्रकल्प जमा करायला सात आठवडे आहेत. पोल बीटा बनवायला घेऊ, की क्लेनोवरच काहीतरी दाखवू?

---

पट्टेवाला

सात आठवड्यांत होतं. प्लास्मिडचा क्रम तपासून घ्या, १ लिटर कल्चर, ओडी ०.६ ला आयपीटीजी ०.५ मिलिमोलर, १८ अंशांवर रात्रभर. निकेल, मग हेपॅरिन. पोल बीटा हेपॅरिनला छान चिकटतं. दोन आठवडे धरा. तोवर नवे दोन ऑलिगो येतील, ५′ आणि ३′ एफएएमचे.

क्लेनोचा डेटा फेकू नका. लायगेजशिवाय ४० येतो ही लेन पोल बीटाच्या लेनशेजारी ठेवा: क्लेनो चारही डीएनटीपीवर ४०, पोल बीटा डीसीटीपीवर २१, आणि लायगेज घातल्यावर २१ चा ४०. अहवालातली पहिली आकृती तीच करा. एपीई-१ चा निकाल आला की इथे टाका, यूडीजी न घालता कापलं गेलं तर हेपॅरिन आधी त्याचं.